दाखवायचा आजारी

बाप गेला तेव्हा मागे दोन मुलगे आणि एक घर राहिलं. तिघांत घराची तब्येत सगळ्यात वाईट होती. निदान तेव्हा तरी.

थोरल्याची चौकात पिठाची गिरणी होती आणि गिरणीच्या मागच्या दोन खोल्यांत त्याचा संसार. त्याच्या भुवयांवर कायम पीठ असायचं, त्यामुळे तो रागावला तरी म्हातारा आणि गरीब दिसायचा. या एका गोष्टीवर त्याचा निम्मा धंदा चालायचा. धाकटा गवंडी होता, गिलाव्याचा. लग्न झालेलं नव्हतं. तो बापाजवळ राहिला, बापाला उठवलं-बसवलं, आंघोळ घातली, अंथरूण धुतलं. थोरला अधूनमधून येऊन दारातून बापाची चौकशी करायचा आणि निघताना धाकट्याला सांगायचा, "नीट लक्ष दे रे त्यांच्याकडे." म्हणजे आपापल्या परीने सेवा दोघांनीही केली.

घर विकायचं, यावर दोघांचं एकमत होतं. थोरल्याला गिरणीला नवी मोटर बसवायची होती. धाकट्याला गावाच्या टोकाला रस्त्यालगत जमिनीचा एक तुकडा मिळत होता. त्यावर एक खोली बांधायची. एकच, पण चारही भिंती ओळंब्यात. आजवर दुसऱ्यांच्या भिंती गुळगुळीत करत आला होता, आता एकदा स्वतःच्या भिंतीला पाठ टेकून बसायचं होतं. तुकड्याच्या मालकाला त्याने तोंडी सांगून ठेवलं होतं. कामावरून येताना तो तिथे उभा राहायचा आणि दार कोणत्या बाजूला काढायचं ते ठरवायचा. आतापर्यंत चारही बाजूंना काढून झालं होतं.

"अर्धं तुझं, अर्धं माझं," थोरला म्हणाला होता. "बापाच्या घरात मला तुझ्यापेक्षा एक पैसा जास्त नको."

अडचण होती आतल्या खोलीच्या मागच्या भिंतीची. तिच्या पाठीमागून सांडपाण्याचा ओहोळ जायचा. वर्षानुवर्षं पाणी मुरून पाया खचला होता आणि भिंत पोटुशी बाई चालावी तशी पुढे पोट काढून उभी होती. मधोमध जमिनीपासून छपरापर्यंत भेग. तिच्यात हात कोपरापर्यंत जायचा आणि पलीकडे ओला व्हायचा.

"छपराला टेकू द्यायचे, भिंत उतरवायची, पाया खणून नव्याने भरायचा," धाकट्याने सांगितलं.

"म्हणजे भिंत पाडायची?"

"ती पडलेलीच आहे. आपण फक्त मान्य करायचं."

थोरल्याने खर्च विचारला. धाकट्याने सांगितला. थोरल्याने बराच वेळ भिंतीकडे बघितलं, मग धाकट्याकडे बघितलं, आणि त्याला स्वस्त कोण ते कळलं. "एवढा तू घरचा गवंडी असताना पैसे कशाला ओतायचे? बुजव की."

धाकट्याने बुजवली. भेगेत कौलांचे तुकडे ठासले, पोती ठासली, बापाच्या दोन जुन्या पँटी ठासल्या, वरून चाळणीची वाळू घेऊन गिलावा मारला. लबाडीचं काम असलं तरी हात लबाडी करेना. गिलावा घोटायचा लाकडी रंधा असा फिरवला की भिंत बशीसारखी दिसायला लागली. फक्त मागचं पाणी काही थांबलं नव्हतं, त्यामुळे गिलावा सुकायचं नाव घेईना. पांढऱ्या भिंतीवर जमिनीलगत खाटेएवढा लांब काळा डाग तसाच ओला राहिला.

पहिलं गिऱ्हाईक आलं, त्याने डागावर हात ठेवला. "नवा गिलावा दिसला की जुनी भेग शोधावी," असं म्हणाला आणि चहा न घेता गेला. मग थोरल्याने डागापुढे बापाची खाट उभी-आडवी करून बघितली, आडवी लावली. दुसऱ्या गिऱ्हाइकाने आल्या आल्या खाट ओढली आणि डाग बघून तीच खाट पुन्हा जागेवर लावली. माणूस सभ्य होता.

थोरला उंबऱ्यावर बसून विचार करू लागला. वहिनी पदराने वारा घेत उभी होती.

"रिकामी खाट कोणीही ओढतं," ती म्हणाली.

एवढंच ती म्हणाली. पण या घरातल्या अकलेच्या गोष्टी अशाच निघायच्या: वहिनी अर्धी बोलायची, थोरला पुरी करायचा आणि धाकटा भोगायचा.

"तू झोप खाटेवर," थोरला म्हणाला.

"का?"

"आजारी आहेस म्हणून. आजारी माणसाची खाट कोण ओढतो? अरे, एक दुपार पडून राहायचंय. लोक यासाठी सुट्टी घेतात."

"मला काय झालंय पण?"

"छातीचं सांगू. छातीचं म्हटलं की कोणी जास्त जवळ येत नाही."

"सगळी सोंगं आणता येतात," वहिनी म्हणाली, "पैशाचं तेवढं आणता येत नाही. मग निदान येतं ते तरी आणा भाऊजी."

अशा रीतीने धाकटा आजारी पडला.

तिसरं गिऱ्हाईक म्हणजे ढोरांच्या दवाखान्यातला कंपाउंडर. नुकताच निवृत्त झालेला, बायको नाही, मुलं शहरात. गावाच्या शांततेत उरलेले दिवस काढावेत म्हणून घर शोधत होता. तो येणार त्या दुपारी वहिनीने धाकट्याच्या गळ्याला फडकं गुंडाळलं, थोरल्याने गिरणीतून चिमूटभर पीठ आणून त्याच्या गालांना आणि ओठांना लावलं आणि दोन पावलं मागे जाऊन बघितलं. "थोडं नाकावर," वहिनी म्हणाली. बाहेर ऊन रणरणत होतं. गोधडीखाली धाकट्याला घाम फुटला, पिठाची कणीक व्हायला लागली.

कंपाउंडरने पुढची खोली बघितली, मधली बघितली, छपराकडे मान वर करून बघितलं. आतल्या खोलीच्या दारात तो थांबला. "हे काय?"

"भाऊ," थोरला खालच्या आवाजात म्हणाला. "छातीचं आहे. खाट हलवायची म्हणाल तर हलवतो, पण त्याला हलवलं की धाप लागते."

कंपाउंडरने भिंतीकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याच्या डोळ्यांत निवृत्तीनंतर प्रथमच उजेड पडला. त्याने बाह्या वर केल्या, खाटेशी गेला, अंगठ्याने धाकट्याची खालची पापणी ओढली, मग ओठ वर करून हिरड्या बघितल्या, कानाच्या पाळीला हात लावला आणि थोरल्याला विचारलं, "खातो का?"

"खातो थोडंफार."

"रवंथ," असं म्हणून तो थांबला. "म्हणजे पचतं का? शेण पातळ पडतं का?"

"मला विचारा की," धाकटा म्हणाला.

कंपाउंडरने चमकून पाहिलं. रोग्याने उत्तर द्यायची त्याला सवय नव्हती. "याला बोलू देऊ नका," तो थोरल्याला म्हणाला. "माणसांचे डॉक्टर पेशंटला विचारून औषध देतात. त्यात कसलं आलंय कसब? आम्ही जन्मभर मुक्या जिवांवर काम केलं. हात ठेवला की कळतं. याला आतून ताप आहे. बाहेरून दिसत नाही, तो वाईट."

घराची किंमत त्याने एकदाच विचारली. आजारी माणसाच्या उशाशी घासाघीस कशी करायची, म्हणून थोरल्याने सांगितली ती मान्य केली. थोरल्याला इतका पश्चात्ताप झाला की त्याला रात्रभर झोप आली नाही. आणखी सांगता आली असती.

"आणि हो," जाताना कंपाउंडर म्हणाला, "कागद झाला तरी याला इथून हलवायचं नाही. बरा होईपर्यंत पडू दे इथेच. मी काही राक्षस नाही. मीच बरा करतो याला."

तो गेल्यावर धाकटा उठून बसला आणि तोंड धुवायला पाणी मागू लागला.

"कुठे उठतोस?" थोरला म्हणाला. "तो उद्या औषध घेऊन येणार आहे."

तो आला. रोज येऊ लागला. दारूच्या रिकाम्या बाटलीत काळं औषध. ते प्यायला द्यायची त्याची रीत ठरलेली: डाव्या हाताने जबडा धरायचा, मान वर उचलायची, बाटलीचं तोंड गालाच्या कोपऱ्यातून आत सारायचं आणि गळा चोळायचा. ठसका लागला तर पाठीवर थाप आणि "हो हो हो हो" असा आवाज. हे औषध बैलाला देतात तेव्हा बैलाला चार माणसं धरतात. धाकट्याला एकटा थोरला पुरायचा. "पी रे," तो कानाशी म्हणायचा, "कागद होईपर्यंत पी."

औषधाने जिभेवर गंज चढायचा आणि जेवण समोर आलं की उमासे यायचे. कंपाउंडर ते बघून मान हलवायचा. "बघा, मी म्हटलं होतं. आता रोग बाहेर पडायला लागला."

गावात बातमी फुटली. फुटली म्हणजे वहिनीनेच फोडली. दळणाला आलेल्या बायका विचारायच्या की कंपाउंडर रोज कुठे जातो, आणि तिला काहीतरी सांगावं लागायचं. धाकटा ज्याच्या हाताखाली कामाला जायचा तो मुकादम एकदा खिडकीशी आला. आत आला नाही. गज धरून उभा राहिला, मग गज सोडून रुमालाने हात पुसले.

"शाळेच्या भिंतींचं काम निघालंय," तो म्हणाला. "तुझी आठवण निघाली होती."

"येतो की मी. चार दिवसांत येतो."

"तू आराम कर."

"अरे, मला काही झालेलं नाही." धाकटा हळूच म्हणाला आणि पडवीकडे बघितलं. तिथे थोरला उभा होता.

"असंच वाटतं," मुकादम म्हणाला. "माझ्या मेव्हण्यालाही शेवटपर्यंत काही झालेलं नव्हतं. कामावरची पोरं एका माठातलं पाणी पितात रे, तुला माहीत आहे." आणि जाता जाता वळून म्हणाला, "तुझा रंधा मात्र देऊन ठेव. वापरात राहिलेला बरा."

थोरल्याने कोपऱ्यातला रंधा उचलून गजांतून बाहेर दिला. धाकट्याने काही बोलण्याआधीच.

कागदाचा दिवस आला तेव्हा धाकट्याला चालत जायचं होतं. कचेरी हाकेच्या अंतरावर. पण आजारी माणूस चालत आला तर कंपाउंडर काय म्हणेल? खुर्चीत बसवून थोरल्याने आणि आणखी एकाने उचलला. त्याचे पाय लांब, रस्त्याला घासायला लागले की तो सवयीने पावलं टाकायचा, आणि थोरला कुजबुजायचा, "लोंबू दे." त्याने लोंबू दिले. दुकानांतून लोक बाहेर येऊन बघत होते. ज्यांच्या माडीवर तो परांचीवरून उड्या मारत चढला होता ते सुस्कारे टाकत होते.

कारकुनाने टाक पुढे केला. धाकट्याला सही येत होती, वळणदार येत होती. त्याने हात पुढे केला.

"त्याला पेन धरवत नाही," थोरला म्हणाला. "अंगठा घ्या."

शाईची उशी आली. अंगठा दाबला. कागदावर नुसता काळा गोळा उमटला, रेघ एक नाही. सिमेंटने अंगठा घासून कधीचाच गुळगुळीत झाला होता. कारकुनाने पुसला, पुन्हा दाबला. पुन्हा गोळा. दुसरा अंगठा घेतला, तोही तसाच.

"या माणसाला ठसाच नाही," कारकून वैतागून म्हणाला.

"आजारात झिजतात," कंपाउंडरने समजावलं.

शेवटी कारकुनाने तो गोळाच ठसा मानला, आणि ज्या हाताने धाकट्याचा अंगठा धरला होता तो साबणाने धुऊन आला. पैशाची पिशवी थोरल्याने काखेत धरली. "तुझं माझ्याकडे सुरक्षित आहे," तो म्हणाला. "आजारी माणसाच्या उशाखाली पैसे ठेवतात का कुठे?"

दुसऱ्या दिवशी कंपाउंडर सामान आणायला गेला. ते बघून धाकटा उठला. डोळ्यांपुढे अंधारी आली, भिंतीला धरून थांबला, तीच भिंत, मग थापी आणि ओळंबा फडक्यात बांधून चौकात आला. ठरलेलं होतं तसं: कागद झाला की थोडे दिवस थोरल्याकडे राहायचं, तुकडा घ्यायचा, पाया खणायला लागायचं.

गिरणीपुढे दळणाची रांग होती. त्याला बघितलं आणि रांग वाकडी झाली. डब्यांची झाकणं लागली. एका बाईने आपलं अर्धं दळलेलं पीठ उचललं आणि "उरलेलं नंतर बघू" असं म्हणत चालू लागली. वहिनी धावत बाहेर आली आणि दोन हात लांब थांबली.

"भाऊजी, तुम्ही इथे कसे?"

"राहायला आलो."

"आधी बरे व्हा की."

"वहिनी, मी आजारी नाही. पीठ तुमच्याच घरचं होतं."

"मला माहीत नाही का ते?" ती ओठ न हलवता म्हणाली. "मला सांगून काय उपयोग? यांना सांगा." तिने डोळ्यांनी रांगेकडे खूण केली. "ही माणसं आपलं अन्न दळायला आणतात इथे. तुम्ही आत पाऊल टाकलंत तर उद्यापासून गिरणीत उंदीरसुद्धा येणार नाहीत."

"मग माझा हिस्सा द्या. मी जातो तुकड्यावर."

थोरला आतून आला. त्याने धाकट्याच्या खांद्यावर ठेवायला हात उचलला, रांग बघत होती म्हणून पुन्हा खाली घेतला. "आजारी माणसाने उघड्यावर झोपायचं? लोक माझ्या तोंडात शेण घालतील. बरा हो, एका दमात सगळं देतो. कंपाउंडर किती जीव लावतो तुला. जा. मागच्या रस्त्याने जा."

अख्ख्या गावात त्याला झोपायला एकच जागा होती, आणि ती आजारी असण्याच्या अटीवर होती. धाकटा परत जाऊन खाटेवर पडला. संध्याकाळी कंपाउंडर सामान घेऊन आला, त्याने थापी-ओळंब्याचं फडकं उशाशी पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "तापाच्या वातात उठून गेला होता वाटतं." त्या दिवसापासून औषधाची बाटली मोठी झाली.

कंपाउंडरने घराची डागडुजी काढली. मुकादमालाच काम दिलं. धाकट्याची खाट अंगणात झाडाखाली आणून ठेवली, आणि तो पडल्या पडल्या आपल्याच जुन्या सोबत्यांचं काम बघू लागला. नव्या गिलावेवाल्याच्या हातात त्याचाच रंधा होता. तो रंधा कढईत उलथनं फिरवावं तसा फिरवत होता. वाळू न चाळता वापरली होती, भिंतीवर खडे उठले होते. धाकट्याने डोळे मिटले. कान मिटता येत नव्हते. रंधा खरडल्याचा आवाज दिवसभर येत राहिला.

मग ते आतल्या खोलीत शिरले. ओल्या डागावर कोणीतरी हातोडा मारला. गिलाव्याचा दाराएवढा तुकडा अख्खाच्या अख्खा खाली आला, पाठोपाठ कौलं आली, पोती आली आणि शेवटी बापाच्या दोन पँटी पाय लांब करून बाहेर पडल्या. ओहोळाचा वास घरभर झाला.

कंपाउंडर भेगेपुढे बराच वेळ उभा होता. त्याने तिच्यात हात घातला. घालायची सवय होतीच, खांद्यापर्यंत घातला. मग तो हात ओला ठेवून अंगणात आला. मागोमाग मुकादम.

"हे या दोघा भावांचं काम," कंपाउंडर म्हणाला.

"भावांचं नाही, याचं," मुकादम म्हणाला. त्याच्या हातात गिलाव्याचा एक तुकडा होता, तो त्याने आरशासारखा धरला होता. "असा हात गावात दुसऱ्याचा नाही. वाया गेलेल्या भिंतीवर एवढी सफाई कोण करतं? गाढवच." मग त्याने खाटेकडे पाहिलं, डागाच्या जागेकडे पाहिलं, खाट कुठे असायची ते आठवलं. "साहेब, याला काही झालेलंच नव्हतं. खाट कोणी ओढू नये म्हणून झोपवला होता हा."

धाकटा उठून बसला. त्याला वाटलं, संपलं. शिव्या बसतील, दोन ठोसे बसतील, गावभर बोभाटा होईल, पण निदान त्याला काहीच झालेलं नाही हे तरी जाहीर होईल.

कंपाउंडरचा चेहरा मात्र उतरला. गेल्या महिन्यापासून गावातले लोक त्याच्याकडे पोरांचे कान, म्हातारीचे गुडघे घेऊन यायला लागले होते. दोन जणांनी त्याला डॉक्टर म्हटलं होतं. निरोगी माणसाला एवढे दिवस बैलाचं औषध पाजलं हे कळलं असतं तर म्हातारीसुद्धा आपले गुडघे घेऊन परत गेली असती.

"माझ्या हाताला ताप लागला होता," तो म्हणाला.

"तो गोधडीचा होता," धाकटा म्हणाला. "दुपारची वेळ होती."

"याला बोलू देऊ नका." त्याने मुकादमाकडे वळून आवाज चढवला. "आजारी होता आणि आजारातच हे काम केलं त्याने. वातात माणूस काहीही करतो. आजही आजारी आहे. बघा त्याच्याकडे."

मुकादमाने बघितलं. गाल बसलेले, डोळे पिवळे, गळ्याची हाडं वर आलेली. त्याला आपलं बोलणं मागे घ्यावंसं वाटलं. "हो, तसा दिसतोय खरा," तो म्हणाला.

मग कंपाउंडर खाटेशी वाकला. जबडा धरायच्या सवयीनेच त्याने धाकट्याचा जबडा धरला आणि प्रथमच त्याच्याशी थेट बोलला. "कागदावर तुझाही अंगठा आहे. फसवणुकीबद्दल आत जायचं असेल तर तसं सांग. नाहीतर ही भिंत उभी करून दे. मजुरी मिळणार नाही. अंगमेहनत हाही एक उपचार आहे."

धाकट्याने भिंत उभी केली. सकाळी औषध, मग काम. छपराला टेकू दिले, जुनी भिंत एकेक वीट करून उतरवली, गुडघाभर चिखलात उभं राहून पाया खणला. घमेलं डोक्यावर घेतलं की मान थरथरायची, तीन फेऱ्यांनंतर तो ओहोळाच्या काठावर जाऊन काळं ओकायचा आणि तोंड पुसून पुन्हा यायचा. सोबती लांबून बघत. एकाने त्याला पाणी दिलं, फुटक्या मडक्याच्या तळात, आणि तो तुकडा नंतर काठीने दूर सारला. पाया भरला तेव्हा त्याने फडक्यातून ओळंबा काढला. दोरा हातात धरला तर ओळंबा भोवऱ्यासारखा फिरत राहिला. ओळंबा स्थिर होईना. त्याने दोरा दाताने धरला, आणि भिंत तशी घेतली, दात आवळून, वरपर्यंत. गिलाव्याच्या दिवशी मुकादमाने रंधा परत दिला, मागितला नसताना. धाकट्याने तो उन्हात उलटसुलट बघितला. कडा मोडल्या होत्या. त्या घासून त्याने गिलावा केला.

भिंत सरळ झाली. एके दिवशी दुपारी ती सुकली, आणि संध्याकाळी धाकटा बरा झाला. कंपाउंडरने त्याची पापणी ओढली, हिरड्या बघितल्या, अंगणात जमलेल्या लोकांना दाखवल्या. "ताप उतरला," तो म्हणाला. "कचेरीत नेला तेव्हा खुर्चीतून न्यावा लागला होता. आता स्वतः भिंत बांधली त्याने. तुम्ही सगळ्यांनी पाहिलं." सगळ्यांनी पाहिलं होतं. एका आजोबांनी तिथल्या तिथे आपला पाय पुढे केला. "खाट लागेल मला," कंपाउंडर धाकट्याला म्हणाला, "नव्या पेशंटसाठी. सकाळपर्यंत मोकळी कर."

सकाळी धाकटा गिरणीवर गेला. या वेळी रांग वाकडी झाली नाही. तो बरा झाल्याचं सगळ्यांना माहीत होतं. नवी मोटर गुरगुरत होती. मोटर केवढी मोठी होती ते त्याने बघितलं.

"हिस्सा द्या," तो म्हणाला. "बरा झालो मी."

थोरल्याने खटका दाबून पट्टा उतरवला. मोटर थांबली आणि सगळ्यांना सगळं ऐकू येऊ लागलं.

"कसला हिस्सा?"

"घराचा. अर्धा."

"अरे," थोरला म्हणाला, आणि त्याच्या आवाजात खरंच माया होती, "तो तर तुझ्या आजारपणात गेला."

"मी आजारी नव्हतो."

रांगेतून कोणीतरी चुकचुकलं. "आठवत नाही बिचाऱ्याला."

"औषधं काय फुकट येतात?" थोरला रांगेकडे बघून म्हणाला. "रोजची बाटली. एवढा मोठा माणूस रोज घरी यायचा. खुराक. कचेरीत उचलून न्यायला माणसं. मी एका पैशाचा हिशेब मागितला का याच्याकडे?"

"औषध कंपाउंडरने फुकट दिलं. आजारी पडायला तू सांगितलंस. वहिनी, तुम्ही सांगा."

वहिनीने खाली बघत जात्यातून सांडलेलं पीठ गोळा केलं. "मी तर म्हणत होते भाऊजींना, पडून राहा, पडून राहा," ती म्हणाली. यात खोटं काहीच नव्हतं.

"माझ्या डोळ्यांनी पाहिलंय मी याला खुर्चीत," रांगेतला एक जण म्हणाला. "पाय लोंबत होते." "हिरड्या पांढऱ्या होत्या," दुसरा म्हणाला. तुकड्याचा मालकही डबा घेऊन उभा होता. तो म्हणाला, "जागेची काळजी करू नकोस. ती मी दुसऱ्याला दिली. तू काही उठत नाहीस असंच वाटलं होतं." आणि अर्धं पीठ उचलून गेलेली ती बाई पुढे झाली. "भावाचे उपकार मान रे," ती म्हणाली. "दुसरा असता तर मरू दिलं असतं."

थोरल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते गालांवरच्या पिठातून वाट काढत खाली उतरलं. धाकट्याने ते नीट बघितलं. त्याला सोंग ओळखता येत होतं, त्याने ते बराच काळ केलं होतं. हे सोंग नव्हतं. थोरल्याने ही गोष्ट इतक्या जणांना इतक्या वेळा सांगितली होती की आता त्याचा तिच्यावर विश्वास बसला होता. रोज दळण घेता घेता त्याने या भावाला मरणाच्या दारातून ओढून आणलं होतं.

धाकट्याने तोंड उघडलं. सगळी रांग प्रेमाने त्याच्याकडे बघत होती.

"कसं वाटतंय आता?" थोरल्याने डोळे पुसत विचारलं.

धाकटा मोटरीकडे बघत होता.

"बाहेर उभा राहा," थोरला म्हणाला आणि पट्टा चढवला. "आत पीठ उडतं. तुझ्या छातीला बरं नाही."

लोकांनी त्याला वाट करून दिली. एकाने तर हाताला धरून पायरी उतरवलं.